सोमाजीच्या काखेतला जंतू

जंतूचं लिहिणं वाचणारा आख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात मी एकटाच चौथी नापास माणूस. म्हणजे वाचते नागपूरची मशीन. मी फक्त जंतूचा डबा दवाखान्याच्या गाडीतून नेऊन देतो. पण या गाडीचं असं आहे, पेशंट उतरून जाते आणि किस्सा सीटवरच बसून राह्यते. आता सोमाजीचंच घ्या.

*

सोमाजी माझा शेजारी. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपली आणि त्याच्या काखेत लिंबाएवढी गाठ आली, ताप चढला. टीबी समजून गोळ्या सुरू झाल्या. टीबी जायच्या ऐवजी सोमाजीच जाऊन राह्यला होता.

आमची डॉक्टरीण बाई पुण्याची पोरगी. सोमाजीच्या बायकोला, पार्वताबाईला ती म्हणाली, "गाठीतला पू नागपूरला पाठवू. मशीन त्यातल्या जंतूचा डीएनए वाचते. वाघ दिसला नाही तरी पंजाच्या ठशावरून वनरक्षक ओळखतो ना, तसं."

पार्वताबाई म्हणाली, "ठसा पाहून वाघ पळत नाई, बाई. त्याले धरनार कोन?"

*

पू काढताना मी सोमाजीला हसवायला खाटेजवळ गेलो. डॉक्टरीण बाई ओरडली, "पांडूभाऊ, तो तंबाखूचा खर्रा थुंकून या आणि लांब उभे राहा. तुमच्या तोंडातले जंतू बाटलीत पडले तर मशीन तेच वाचेल."

तापानं फणफणलेला सोमाजी डोळे न उघडताच म्हणे, "वाचू द्या. त्याच्या रोगावर औषध नाई निघालं अजून."

*

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. नाक्यावरच्या शिपायानं डबा पाहिला. "उघड."

"साहेब, यात सोमाजीचा पू आहे."

त्याला कसं पटावं? मागच्या खेपेला मीच त्याला "डब्यात बिबट्याचं पिल्लू आहे" सांगून दहा पावलं पळवला होता. तो झाकणाला हात घालायला लागला. सील तुटलं असतं तर सगळं वाया. मी डब्यावर चढून बसलो. शेवटी त्यानं दवाखान्यात फोन लावला, डॉक्टरीण बाईशी बोलला आणि मला जाऊ दिलं. वरून म्हणाला, "पूच आहे म्हणतात. तुझ्यापेक्षा बरा."

*

रिपोर्ट आला. टीबीचा पत्ताच नाही. निघाला चिखलातला जंतू. लॅबवाला फोनवर म्हणाला, "मॅडम, डबा रस्त्यात उघडला असेल, माती पडली असेल. दुसरा नमुना पाठवा."

दुसरा नमुना येईपर्यंत सोमाजी टिकणार नव्हता. त्याची छाती भात्यासारखी चालली होती. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी देवाची शपथ घेतली. माझ्या शपथा गावाला पाठ आहेत, कोणी ऐकेना. मग बाईनं नाक्यावर फोन लावला. शिपाई म्हणाला, "त्यानं उघडू कुठी दिला? वर बसून राह्यला होता कोंबडीसारखा."

बाईनं पार्वताबाईला विचारलं, "याला जखम होती का कुठे? चिखलात गेला होता?"

आता रोवण्याच्या शेवटच्या दिवशी बाया शेताच्या मालकाला बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, चिखलात लोळवतात, ही आमची रीत. सोमाजीच्या हाताला काटा लागलेला, अंगात शुगर, आणि लोळवणाऱ्यांत पुढे पार्वताबाई. ती सांगताना खाली पाहत होती. बाईनं रिपोर्ट खरा मानून टीबीच्या गोळ्या बंद केल्या आणि सलाईनमधून दुसरं औषध सुरू केलं. त्या दिवशी मी कोणाची थट्टा केली नाही.

*

ताप हळूहळू उतरला. सोमाजी उठून बसला आणि पहिलं वाक्य बोलला, "या पांड्याले बाहेर काढा, खर्र्याचा वास येते."

सुटी द्यायच्या दिवशी डॉक्टरीण बाई जेवायला बसली होती. पार्वताबाई निरोप घ्यायला आली. बाईनं घास हातातच धरून बजावलं, "गोळ्या अजून काही महिने चुकवायच्या नाहीत. आणि याला आता चिखलात पाय घालू द्यायचा नाही. कधीच नाही."

मीही जोडून दिलं, "वहिनी, बाईनं वाघ धरून दिला. आता तुम्ही याले घरी बांधून ठेवा."

पार्वताबाईनं माझ्याकडे पाहिलंच नाही. बाईच्या ताटाकडे पाहत म्हणाली, "जेवा, बाई. भात थंडा होऊन राह्यला. हा भात कोनाच्या चिखलातून आला, ते मंग पाहू."