सोमवारचा फोटो

दुकानात आला की तो दोन्ही पाय फाकवून उभा राहायचा. आमच्या मुरुम गावातल्या फरशीवर. "अरे, इथली जमीन हलत नाही," असं मी म्हटलं की हसायचा आणि तसाच उभा राहायचा. नौदलाच्या जहाजावर आजारी माणसांची देखभाल करायची, ही त्याची नोकरी. गाव त्याला डॉक्टर म्हणायचं. तो न कंटाळता प्रत्येकाला सांगायचा, "मी डॉक्टर न्हाय, डॉक्टरच्या हाताखालचा."

सुट्टीवर आला की माझ्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर रांग लागायची. कुणाचा गुडघा, कुणाचं पित्त. एकाने तर म्हशीचं दुखणं आणलं होतं. तुला समुद्रावर उलट्या होत नाहीत का, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "होत्यात की. आधी माझी, मग पेशंटची. नंबरानं."

अशी माणसं तुमच्याही गावात असतील. वर्षातला दीड महिना घरी. बाकी दिवस कुठं, ते घरच्यांनाही ठाऊक नसतं. जहाज निघालं की कित्येक आठवडे फोन नाही, आणि बंदराला लागलं की साचलेले निरोप एकदम पोहोचतात. बापाच्या माघारी आईने शिवणकाम करून वाढवलेला हा एकुलता एक. आईला बीपीचा त्रास. त्याने तिला बीपी मोजायचं मशीन आणून दिलं आणि मला कामाला लावलं. दर सोमवारी त्याच्या आईने, म्हणजे आमच्या वहिनींनी, दुकानात यायचं, मी बीपी मोजायचं आणि आकड्याचा फोटो त्याला पाठवायचा. गोळी कमीजास्त करायची का, ते तो जहाजावरच्या डॉक्टरांना विचारून कळवायचा.

वर्षभर हे नीट चाललं. मग एका सोमवारी आकडा एकशे ऐंशीच्या वर गेला. मी फोटो काढायला मोबाइल उचलला, तर वहिनींनी दंडाचा पट्टा सोडून माझ्यापुढं धरला.

"भावजी, तुमचा हात द्या."

"कशाला?"

"लेकरू पाण्यावर हाय. तिथनं येता येतंय का त्याला? उगं जिवाला घोर."

"अहो, पण त्याला खरं कळायला नको का?"

"ते आल्यावर दावते की दवाखान्यात. दोन महिन्याचा तर सवाल हाय."

मी नाही म्हटलं. पुन्हा नाही म्हटलं. मग हात पुढं केला. माझं बीपी या वयातही चांगलं आलं, याचा मला तेव्हा थोडा अभिमानच वाटला होता, हे लिहिताना आज लाज वाटते. उमरग्याच्या डॉक्टरकडे चला म्हणून मी मागे लागलो, पण त्या "पोरगं आल्यावर" एवढंच म्हणत राहिल्या. मधे जहाज बंदराला लागलं तेव्हा त्याचा निरोप आला, "आकडे झकास हायत काका. गोळी हाय तीच चालू द्या." आम्ही तीच चालू दिली. सहा सोमवार माझ्याच हाताचे फोटो गेले.

सातव्या सोमवारी वहिनी आल्या नाहीत. शेजारणीने दार ढकललं, तर त्या शिलाई मशीनपाशी पडल्या होत्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. सोलापूरला नेलं, तिसऱ्या दिवशी गेल्या. तो पोहोचला तेव्हा दहावा होता. अग्नी चुलतभावाने दिला होता.

तेरावं उरकून तो दुकानात आला. मी शटर अर्धं ओढलं आणि सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता रडलो. त्याने मला स्टुलावर बसवलं.

"काका, मला ठाऊक होतं."

"काय?"

"फोटोत नाडीचा आकडा पण असतो. ती आईची नव्हती. पहिल्याच फोटोला वळखलं मी, आन् गप बसलो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चूक माझी हाय."

दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या एसटीने तो गेला.

मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. तीन-चार दिवस धड जेवलो, झोपलो. मग एका गिऱ्हाइकाला बीपीच्या गोळ्यांची पट्टी कापून देताना माझा हात थांबला. पहिल्याच फोटोला कळलं असतं, तर हा गप्प बसला असता? त्याला यायची गरजच नव्हती. "गोळी वाढवा," एवढी एक ओळ पुरली असती. आई होती त्याची.

त्याला काहीच ठाऊक नव्हतं. आईचं तेरावं घालून आलेला तो पोरगा, माझ्या जिवाला घोर नको म्हणून माझ्याशी खोटं बोलला. अगदी वहिनींसारखं.

दोन वर्षं झाली. सुट्टी मिळत असेल, पण तो मुरुमला येत नाही. आता इथं त्याचं आहे तरी कोण? माझी चूक अंगावर घेऊन तो पाण्यावर गेला, आणि मी त्याला जाऊ दिलं.