रविवारचे दोन तास

भांडताना माझा आवाज चढत नाही, उलट खाली जातो. घरच्यांना हे माहीत आहे, म्हणून मी हळू बोलायला लागलो की ते विषय बदलतात. इंटरनेटवर आवाजच नसतो. त्यामुळे तिथे मी समजुतीने सांगतोय असं मला वाटायचं आणि वाचणाऱ्याला वाटायचं, हा टोमणे मारतोय.

दोन हजार सातच्या सुमाराची गोष्ट. नाशिकच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरीला होतो. दुपारी दोननंतर मुलं प्रॅक्टिकलला जात आणि वाचनालयात पंख्यांचा आवाज तेवढा उरे. पुस्तकांच्या नोंदींसाठी मला एक संगणक दिला होता आणि त्यावर नेट होतं. वडील जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. ताईची मुलं लहान म्हणून आई तिच्याकडे घोटीला राहायला गेली होती. मी सातपूरला एका खोलीत एकटा. मराठी संकेतस्थळांवर मी का जायला लागलो असं तेव्हा कुणी विचारलं असतं, तर सामाजिक प्रश्नांत रस आहे म्हणून, असं ऐटीत सांगितलं असतं. खरं म्हणजे दिवसभरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं.

पाच-सहा महिने मी नुसता वाचत होतो. मग एके दिवशी तिथे चर्चा निघाली ती मांसाहार करणाऱ्यांना घर न देणाऱ्या सोसायट्यांवर. एक बाजू म्हणे, आमची इमारत, आमचे नियम. दुसरी म्हणे, ही जात विचारायची नवी पद्धत आहे. दोन्ही बाजू एकमेकांची वाक्यं कापून खाली चिकटवत होत्या. मला वाटलं, या लोकांना एक खरी गोष्ट सांगितली तर जरा शांत होतील. माझा आगाऊपणा, दुसरं काय. मी आमच्या घरमालकीण काकूंची गोष्ट लिहिली.

नव्वद-एक्क्याण्णव साली वडील सातपूरच्या एका कारखान्यात लागले आणि आम्ही गावाकडून नाशकात आलो. आम्ही बौद्ध. तीन ठिकाणी खोली दाखवून झाली, पसंत पडली आणि आडनाव सांगितल्यावर ती आधीच कुणाला तरी दिलेली निघाली. चौथी खोली दिंडोरी रोडच्या बाजूला, काकूंच्या बैठ्या घराच्या मागे. काकू एकट्याच राहत. वडिलांनी या वेळी आधी आडनाव सांगितलं आणि मग खोली बघायला मागितली. काकू आत गेल्या, बऱ्याच वेळाने किल्ली घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "घरात वशट शिजवायचं नाही. बाकी माझं काही म्हणणं नाही." वडिलांनी होकाराची मान हलवली.

दोन महिने गेले. मग एका रविवारी सकाळी काकू अंगणात उभ्या राहून, कुणाकडेच न बघता, मोठ्याने म्हणाल्या, "मी देवळात चालले. दहा ते बारा. बाराच्या आत काही यायची नाही." आणि कापडी पिशवी घेऊन निघून गेल्या. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. भाडेकरूला आपलं वेळापत्रक कशाला सांगतात, असं वडील म्हणाले. तिसऱ्या रविवारी आई उठली आणि पत्र्याच्या डब्यातून बोंबील काढले. जेवणं साडेअकराला उरकली. मग आईने भांडी घासून मेथीची फोडणी केली, वास मोडायला. बाराला काकू आल्या, त्या फाटकापासूनच खोकत. चार वर्षं तो खोकला दर रविवारी ऐकला. त्या बाईला एरवी कधी खोकला नव्हता.

एवढंच लिहिलं. शेवटी एक ओळ घातली की आमच्या काकू असत्या तर त्यांनी या चर्चेत काय लिहिलं असतं कुणास ठाऊक. लिहून झाल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी वाचनालयात एक फेरी मारून आलो.

पहिला प्रतिसाद पंधरा मिनिटांत आला. "याला म्हणतात संस्कार. पूर्वी लोक एकमेकांना असे सांभाळून घेत, तेव्हा कायद्याची गरज पडत नसे. सोसायट्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हे वाचावं." मी लिहिलं की मला तसं म्हणायचं नव्हतं, आधीच्या तीन खोल्याही वाचाव्यात. तोवर दुसऱ्या बाजूचे आले. "तुमच्या आईला स्वतःच्या चुलीवर चोरून रांधावं लागलं आणि तुम्ही घरमालकिणीची आरती ओवाळताय. लाज वाटायला हवी." त्यालाही मी लिहिलं की मला तसं म्हणायचं नव्हतं. पुढच्या नऊ दिवसांत हे वाक्य मी किती वेळा लिहिलं, त्याला गणती नाही.

एकाने माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं नाही, कारण चर्चा त्याच प्रश्नावर होती असं मला वाटत होतं. लगेच ठरलं की हा बौद्ध नाहीच, वरच्या जातीतला कुणीतरी मुखवटा घालून गोष्टी रचतोय. त्याच दुपारी एका गृहस्थांचा खाजगी निरोप आला. तुमच्यासारखे समजूतदार लोक तुमच्या समाजात आणखी असते तर किती बरं झालं असतं, असं त्यांनी अगदी मनापासून लिहिलं होतं. शिव्या देणाऱ्यांना मी उत्तरं देऊ शकलो. या माणसाचा निरोप मी उघडायचो आणि तसाच बंद करायचो.

ग्रंथपाल बाईंनी एकदा विचारलं, "तब्येत बरी नाही का? डबा तसाच परत नेताय." काय सांगणार. ज्यांना मी कधी पाहिलं नाही, ती चाळीसेक माणसं माझ्यावर चिडली आहेत, आणि जी चिडलेली नाहीत त्यांची मला जास्त भीती वाटतेय. मी म्हटलं, पित्त झालंय.

आठव्या दिवशी एक नवा माणूस आला. त्याची भाषा सभ्य होती. त्याने एकच प्रश्न विचारला. "काकू देवळातून परत आल्यावर तुम्हा मुलांच्या हातावर कधी प्रसाद ठेवत होत्या का?"

मी बराच वेळ आठवून पाहिलं. ताई आणि मी अंगणातच खेळत असायचो. काकू खोकत यायच्या, आम्हाला बघून हसायच्या, पिशवी सावरत आत जायच्या. साधा खडीसाखरेचा खडाही नाही. चार वर्षांत एकदाही नाही. मी खरं ते लिहिलं. नाही, कधीच नाही.

"मग बघा," त्याने लिहिलं, "तुमच्या हाताला स्पर्श नको म्हणून. तुम्हाला हे इतक्या वर्षांत कळलं नाही, याचं वाईट वाटतं."

त्याच्याशी मी वाद घातला नाही. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. तो खोकला मी सोळा-सतरा वर्षं जवळ बाळगला होता. नाशकात आल्यावर कुणीतरी आमच्याशी बरं वागलं याचा माझ्याकडे तेवढाच पुरावा होता. आता तो आठवला की त्यामागून प्रसाद यायचा आणि सगळं आंबून जायचं. काकू मायेने घर सोडून जात होत्या की किळस येत होती म्हणून? वडील नव्हते, काकूही केव्हाच वारल्या होत्या. विचारायला आईच उरली होती. रविवारी सीबीएसवरून बस धरून मी घोटीला गेलो.

आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसलो आणि इकडचं तिकडचं बोलून सरळ विचारलं, "काकू देवळातून आल्यावर आम्हाला प्रसाद का देत नव्हत्या?"

"देवळात जात व्हती कुठं ती," आई म्हणाली. सुपातली तिची बोटं थांबली नाहीत.

मला समजेना. मग तिने सांगितलं. "एका रविवारी लिंबं संपली व्हती. मी आणाया गेले. तर ही बाई बसथांब्यावर बसलेली. मांडीवर पिशवी. वर पत्रा बी नव्हता त्या थांब्याला, आन मे महिना. एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. ही तिथंच. मी मागनं बघितलं, तिनं मला नाय बघितलं. देऊळ तर त्या वक्ताला बंद ऱ्हायाचं."

"मग?"

"मग काय. घरी आले. तुमी जेवत व्हते. मला घास जाईना."

"पुढच्या रविवारी?"

"त्याच्यानंतर मी तिथं बोंबील केलेच नाय."

मी म्हटलं, असं कसं, मला चांगलं आठवतंय, चार वर्षं आपण दर रविवारी खायचो. आई हसली. "दोन-तीन महिने खाल्ले असतील. पुढं वांगंच केलं. तुला वास आठवत असंल, तो पहिल्याच रविवारांचा."

म्हणजे साडेतीन वर्षं, दर रविवारी, एक बाई आमच्या बोंबलांसाठी उन्हात बसत होती आणि दुसरी आत वांगं परतत होती. बारा वाजता एक खोकायची आणि दुसरी ते ऐकून घ्यायची.

"तू त्यांना सांगितलं का नाहीस, जाऊ नका म्हणून?"

"कसं सांगायचं? तिनं देऊळ म्हनलं व्हतं. मी बघितलं म्हनले असते, तर ती बिचारी खोटी पडली असती."

"तुला राग नाही यायचा त्यांचा?"

"यायचा ना. लय यायचा." आता तिने सूप खाली ठेवलं. "माजं सवताचं घर असतं, तर ती कशाला उन्हात बसली असती?"

हे वाक्य माझ्या त्या चर्चेत कोणत्या बाजूला बसतं, याचा मी तेवढ्यातही विचार केला, हे सांगायला मला लाज वाटते. आईने विचारलं, आजच हे कुठून निघालं. मी सांगितलं. संगणकावर लिहिलं म्हणून, लोक वाचतात म्हणून. किती लोक, तिने विचारलं. मी म्हटलं, असतील पाचशे-सातशे.

"माजं नाव घातलं?"

"नाही. नुसतं आई म्हटलं."

"मला इचारायचं तरी."  मग म्हणाली, "काय म्हनतात लोकं?"

"काही म्हणतात काकू देवमाणूस होत्या. काही म्हणतात, वाईट होत्या."

"आन तू?"

"मी म्हटलं, चांगल्या होत्या."

"बरं," आई म्हणाली. "आन मी?"

 नऊ दिवस मी पानंच्या पानं लिहिली होती. त्यात आई एकदा डबा उघडते आणि एकदा फोडणी करते, एवढंच. माझ्याशी भांडणाऱ्यांनीही तिला एकदा पुढे ओढून काकूंवर फेकलं होतं, पुढे तिचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. आणि त्यांची तरी काय चूक, मीच विचारलं नव्हतं.

तेवढ्यात ताईने जेवायला हाक मारली. मी येणार म्हणून तिने मुद्दाम बोंबलाचा रस्सा केला होता. ताटं मांडली. आईने स्वतःच्या ताटात सकाळची भाजी घेतली. मी म्हटलं, "आई, तुला?" ताई म्हणाली, "ती कुठे खाते? किती वर्षं झाली. तुला माहीत नाही?"

दर महिन्या-दोन महिन्यांनी मी त्या घरात जेवत होतो, आणि मला माहीत नव्हतं.

सोमवारी दुपारी संकेतस्थळ उघडलं. माझी वाट बघणारे तिथे होते. "उत्तर द्या, पळ काढू नका." आता माझ्याजवळ उत्तर होतं. मी ते लिहायला घेतलं, बसथांब्यापर्यंत आलो आणि सगळं पुसलं. यातलं वांगं एक बाजू उचलेल, ऊन दुसरी उचलेल, आणि आईला पुन्हा कुणीच विचारणार नाही. मी संकेतस्थळाच्या चालकांना निरोप पाठवला की माझी गोष्ट काढून टाका. त्यांचं उत्तर आलं, चर्चा छान रंगली आहे, कशाला काढायची? मग मी तिकडे जाणं बंद केलं. एकाने लिहिलं की मी पळालो. दुसऱ्याने लिहिलं की मौन म्हणजे संमती. हे मी बंद केल्यानंतरही एकदा जाऊन वाचलं, म्हणून माहीत आहे.

त्यानंतर दुपारी मी पुस्तकांना खळ लावून पाठीवर क्रमांक चिकटवत बसायचो. ग्रंथपाल बाईंना वाटलं, मला बरं वाटू लागलंय.

पुढच्या खेपेला घोटीला जायच्या आधी मी ताईला फोन करून सांगितलं, बोंबील नको, वांगं कर. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, डॉक्टरांनी पित्तासाठी बंद केलंय. जेवायला बसलो. आईने माझ्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून जेवत राहिलो. वांगं मला कधीच आवडलेलं नाही. तिने न विचारता माझ्या ताटात आणखी एक डाव वाढला. मीही ते सगळं संपवलं.