डावीकडे कोण बसलंय?

आमच्या घरात मला लहानपणापासून भोचक म्हणत. शेजारी पाहुणे आले की कोण आले, कुठून आले, कशाला आले हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नसे. अशी मुलगी पुढे विवाह आणि कुटुंब समुपदेशक झाली याचं माझ्या भावंडांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. या कामात विचारायला शिकवण्याआधी न विचारायला शिकवतात. समोरच्याच्या उपयोगाचं असेल तेवढंच विचारायचं, स्वतःची खाज भागवायला एकही प्रश्न खर्च करायचा नाही. आणि संसार ठेव किंवा मोड, हे तर मुळीच सांगायचं नाही, तो निर्णय त्यांचा. पनवेलमध्ये हे पटवणं महाकठीण. "मग तुमच्याकडे यायचं कशाला?" असं लोक मला तोंडावर विचारतात.

माझी खोली एसटी स्टँडजवळ, चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. खिडकी लावली तरी गाड्यांच्या घोषणा आत येतातच. तिथे एकदा एक शिक्षिका आली. (त्या नवरा-बायकोला विचारून आणि ओळखू येईल असं सगळं बदलून हे लिहिते आहे.) लग्नाला बरीच वर्षं झालेली, पण एकत्र राहणं नवऱ्याच्या सुट्टीपुरतं. तो आखातात एसी दुरुस्तीच्या कामावर. त्याचा करार संपत आला होता आणि कंपनी विचारत होती, राहतोस की जातोस.

"मॅडम, मला एवढंच कळू दे," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "यांना दिलसे घरी यायचंय की नाही? नसेल तर मी खुला मागते. बायकोला तो हक्क आहे आमच्यात, तलाक मागायचा. पण खोटं उत्तर नको."

शुक्रवारी त्याला सुट्टी. दुपारची नमाज आणि जेवण झालं की आम्ही व्हिडिओ कॉल लावायचो. टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीला तिचा फोन टेकवलेला, फोनमध्ये तो, त्याच्या मागे पलंगाला लावलेला फुलाफुलांचा पडदा. पहिल्याच कॉलला मी नेहमीप्रमाणे विचारलं, खोलीत आणखी कुणी आहे का? "नाही मॅडम, बाहेरचं कुणी नाही," तो म्हणाला. मग तिने मन मोकळं केलं. तो सुट्टीवर आला की पहिले काही दिवस त्याच्या शेजारी झोप लागत नाही, परका माणूस वाटतो, हेसुद्धा सांगितलं. तो नुसता "हं", "बघू", "इन्शाअल्ला" करत राहिला.

आणि एका शुक्रवारी त्याला एकदम कंठ फुटला. "तुझ्या सबरची मला कदर आहे. औरतने घर राखलं म्हणून मर्द परदेशात टिकतो." मी चाटच पडले. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "हे असं बोलत नाहीत."

मग मी नीट बघायला लागले. प्रत्येक उत्तराआधी तो स्क्रीनच्या डाव्या बाजूला नजर टाकायचा, क्षणभर थांबायचा आणि मग वाक्य यायचं. मध्येच कुणीतरी खोकलं, याचे तर ओठही हलले नव्हते. डावीकडे कोण बसलंय? खोटं कशाला बोलू, मला थोड्या गुदगुल्या झाल्या. पण या वेळी प्रश्न माझ्या हौसेचा नव्हता. ती जे बोलली ते कुणी ऐकलं, हे तिला कळायलाच हवं होतं.

"तुमच्या शेजारी कोण आहे?" मी विचारलं.

"कुणी नाही. आमच्या खोलीतले चाचा आहेत."

डावीकडून एक पांढरी दाढी स्क्रीनवर आली. "सलाम मॅडम. मी काय ऐकत नाही," चाचा म्हणाले, आणि त्यांच्या मागे तीन-चार गळे हसले. एकत्र राहणाऱ्या कामगारांनी सगळी खोली भरलेली होती. तिने ओढणी डोक्यावर ओढली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"म्हणजे पहिल्यापासून सगळ्यांनी ऐकलं?"

"हे बाहेरचे कुठे आहेत?" तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं आपलं काय चुकलं.

मी मध्ये पडून त्यांचं बोलणं थांबवलं. सांगितलं की हिची परवानगी नसताना दुसऱ्या कुणी ऐकणं चालणार नाही, मी असं काम करू शकत नाही. चाचांना ते मुळीच मानवलं नाही. "मॅडम, याला बोलता येत नाय. याचा संसार मोडेल. मी माझं लगीन तीस वर्षं फोनवरच टिकवलंय." तीस वर्षं फोनवर! कसं, काय बोलून, चाचींचं काय म्हणणं, मला सगळं विचारायचं होतं. जीभ दाताखाली धरली, कारण चाचा माझ्याकडे आलेले नव्हते.

पण खरी परीक्षा पुढेच होती. ती फोनवर वाकली आणि म्हणाली, "चाचा, तुम्ही रोज यांच्यासोबत असता. तुम्हाला माहीत असेल. यांना घरी यायचंय का?"

 चाचांना ठाऊक होतं, त्यांच्या डोळ्यांत ते दिसत होतं. तिला हवं ते उत्तर एका माणसाच्या तोंडाशी आलं होतं. मलाही ते ऐकायचं होतं, अगदी मनापासून.

"चाचा, सांगू नका," मी म्हणाले. "ते यांनीच सांगायचंय."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचं काही चोरलं होतं.  चाचा उठले आणि म्हणाले, "चला रे, चाय पिऊन येऊ." चपलांचे आवाज झाले, दार लागलं.

तो एकटा उरला. त्याने सवयीने डावीकडे बघितलं. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायची सवय, ती एका दुपारी कशी जाणार? एखादं वाक्य त्याच्या हाती द्यावं असं मला फार वाटलं. नाही दिलं. खाली कुठल्यातरी गाडीची घोषणा झाली आणि संपली.

"मला यायचंय," तो शेवटी म्हणाला. "पण मी असा एकटा कधी राहिलोच नाही. आधी आईकडे सगळे, मग इथे हे सगळे. रात्री आठ जणांचा श्वास ऐकू आला की मला झोप लागते. तिथे आपण दोघंच असणार. तुझ्याशी एकट्याने काय बोलायचं, मला येत नाही. त्याची भीती वाटते."

तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

"मला तरी कुठे येतंय," ती म्हणाली. मग फोन बाटलीपासून उचलून हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण जरा बाहेर थांबता?"

खोली माझी होती. मी उठले, बाहेर जिन्यात आले आणि दार नीट ओढून घेतलं. आत बऱ्याच वेळाने कुणीतरी बोलायला लागलं. त्याने सुरुवात केली की तिने, हे कळू नये म्हणून मी चार पायऱ्या आणखी खाली उतरले.