पिवळी रेघ

मिस्त्रींना कुणी काही विचारलं, की पहिल्यांदा "नको" म्हणायचं, ही त्यांची जन्माची खोड. चहालासुद्धा नको. समोरच्यानं पुन्हा म्हणावं, मग तिसऱ्यांदा म्हणावं, मग यांनी कप उचलावा. या खोडीनं त्यांचं आजवर काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते एकदाच, पण असं बिघडलं की विचारू नका.

झालं असं. एका निवृत्त डॉक्टरांनी आपली जुनी जीप त्यांच्या गॅरेजात आणून उभी केली. "शेजारचे पाच देश फिरायचेत," म्हणाले. "चार महिने, सगळं रस्त्यानं." पाचही देश दमट, जंगलांचे, लाल चिखलाचे. मिस्त्रींनी तीन महिने त्या जीपचा नट अन् नट उघडला. नदी ओलांडताना इंजिनात पाणी शिरू नये म्हणून हवेचा पाइप टपापर्यंत चढवला. भिंतीवर नकाशा चिकटवला आणि ग्रीसच्या बोटानं त्यावर रस्ता ओढला. लोकांच्या गाड्या लांब धाडण्यात या माणसाची तीस वर्षं गेली, स्वतः मात्र टोलनाक्याच्या पलीकडे जेमतेम चारदा गेलेला! तो नकाशा बघताना तोंडाला पाणी सुटायचं हो त्यांच्या.

आणि एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "वाटेत दुरुस्तीला माणूस लागेल. येता का तुम्ही?"

मिस्त्रींना नेमकं हेच हवं होतं. आणि तोंडातून काय बाहेर पडलं? "छे छे, मी कसा येणार! माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही."

डॉक्टर रोखठोक माणूस. एकदा नको म्हणजे नको. मिस्त्री दुसऱ्या आग्रहाची वाट बघत पाना पुसत उभे, तोवर मागून त्यांचा साडू म्हणाला, "मी येतो की!"

साडू म्हणजे मिस्त्रींच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गॅरेजात भागीदार, पण कामात घिसाडघाई. तार गुंडाळ, रबर अडकव, गाडी चालली ना, मग झालं! आणि हा जाणार पाच देश. राबले मिस्त्री आणि आयत्या बिळावर नागोबा हा! मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोलणार कोणत्या तोंडानं?

निघायच्या आदल्या दिवशी ते जीपखाली शिरले. त्यांची एक पद्धत होती. नट आवळून झाला, की त्यावर ब्रशनं पिवळ्या रंगाची रेघ मारायची. रेघ आहे म्हणजे नट पक्का, पुन्हा बघायला नको. गावातले बाकीचे मिस्त्रीसुद्धा ती रेघ बघून हात मागे घ्यायचे, एवढा तिचा मान. वर साडू टोपी घालून आरशात बघत होता आणि खिदळत होता. खाली मिस्त्री दात-ओठ खात रेघा मारत होते.

पुढचा महिना नुसतं पोटात दुखणं. साडू दर रविवारी फोन करायचा. "भाऊ, जीप तराफ्यावर चढवलीय! भाऊ, इथली झाडं बघाल तर मान मोडेल! हा आवाज ऐका, इंजिन ठीक वाटतंय ना?" आणि फोन बॉनेटला लावायचा. मिस्त्री "ठीक आहे" म्हणून ठेवून द्यायचे. जेवताना बायको बहिणीकडच्या बातम्या सांगायची. "तीन देश झाले म्हणे. उद्या चौथ्यातला मोठा घाट."

"आमटीत मीठ नाही," मिस्त्री म्हणायचे. मीठ असायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा वेल्डर आला आणि बावीस नंबरचा पाना टेबलावर ठेवत म्हणाला, "माफ करा, राहिलाच माझ्याकडे. डॉक्टरांची जीप निघायच्या आदल्या दिवशी सकाळी नेला होता."

मिस्त्रींनी पाना उचलून त्यावरचा नंबर वाचला. जीपच्या स्टिअरिंगच्या दांड्याचा नट बावीसचा. गॅरेजात बावीसचा पाना एकच. त्या दिवशी तो इथे नव्हताच, तर मग नट आवळला कशानं? रेघ मात्र मारली होती. चांगली ठळक मारली होती, त्यांना स्वच्छ आठवत होतं.

मुद्दाम? नाही, देवाशपथ नाही. पण हात रागात होता आणि डोकं दुसरीकडे. आणि साडू त्या रेघेवर डोळे झाकून विसंबणारा. बायको काल म्हणाली ते 'उद्या' म्हणजे आजच तो घाट, एका बाजूला दरी, आणि स्टिअरिंग निसटलं तर?

मिस्त्रींनी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. सातव्यांदा तीच बाई तेच सांगू लागली तेव्हा ते टायरवर बसले. मेहुणीचं तोंड डोळ्यांसमोर आलं. जाऊ दे माझा मान, म्हणाले, जाऊ दे ती रेघ, फक्त फोन लागू दे.

दुपारी लागला.

"गाडी थांबव!" मिस्त्री ओरडलेच. "आधी थांबव! स्टिअरिंगचा नट बघ. रेघ आहे, पण नट मी आवळलेला नाही. चुकलो मी. माझ्या रेघेवर जाऊ नकोस."

पलीकडे ब्रेक लागल्याचा आवाज आला. मग साडू हसला. "घाट तर मघाशीच उतरलो, भाऊ. तो नट होय! तो पहिल्याच सरहद्दीवर एका ट्रकवाल्याचा पाना मागून आवळला. स्टिअरिंग जरा सैल लागलं म्हणून खाली शिरलो, तर बोटानं फिरत होता."

"महिना झाला! बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं, भाऊ? तुमच्या हातून एक नट राहिला तर गावभर करू? डॉक्टरांनी विचारलं, काय होतं. म्हटलं, काही नाही, भाऊंच्या हातची गाडी, सहज नजर टाकली. रेघ तेवढी नवी मारली, तुमच्यासारखी सरळ काही आली नाही." मग आवाज खाली आला. "तुम्हीच यायला हवं होतं. तुमच्या तोंडावर दिसत होतं ते. मीही मेला घाईचा, मध्येच बोलून गेलो."

मिस्त्रींनी फोन ठेवला. जेवायला घरी गेले आणि ताटासमोर नुसते बसून राहिले. बायको घाबरली.

"अहो, काय झालं? घाटात काही झालं का?"

"घाट उतरले. सुखरूप आहेत सगळे."

"मग डोळ्यांत पाणी कसलं?"

"जळतोय," मिस्त्री म्हणाले. "इतके दिवस त्याच्या प्रवासावर जळत होतो. आज त्याच्यावर जळतोय. माझ्या हातून नसतं झालं गं असं गप्प राहणं."

बायकोनं ताट पुढे सरकवलं. "भात वाढू?"

"नको" ओठांवर आलंच होतं. मिस्त्रींनी ते गिळलं.

"वाढ," म्हणाले.