निशिकांतची मांडणी

निशिकांत गेल्याचं मला ऑफिसच्या जिन्यात कळलं. हातात डबा होता. मी जागेवर जाऊन बसले आणि जेवलेसुद्धा... रडू आलं ते चार दिवसांनी. आता महिना झाला, तरी थकवा काही जात नाही.

बँकेच्या बदलीवर आलेल्या सांगलीकर वडिलांचा हा जयपुरात वाढलेला मुलगा. विश्वकर्मा भागातल्या आमच्या कंपनीत हॉस्पिटलच्या स्कॅनची चित्रं जुळवणारा प्रोग्राम आम्ही दोघं सांभाळायचो, मी वरिष्ठ. एका चित्राला नऊ मिनिटं लागत. डॉक्टर कातावले, तेव्हा वरच्यांच्या मागे लागून मी दुप्पट वेगाच्या प्रोसेसरचं मशीन आणवलं. तरी जेमतेम अर्धं मिनिट वाचलं. माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"ताई, प्रोसेसरला दोष नका देऊ," निशिकांत म्हणाला. "मतलब, आचारी कितीही फास्ट असू दे, मोहरी गच्चीवर, हळद गच्चीवर... एकेक आणायला वर जायचं तर फोडणी जळणारच ना?" मेमरीतून आकडे येईपर्यंत प्रोसेसर नुसता बसून असायचा. मग दीड महिना हा पठ्ठ्या एकच करत राहिला: जे आकडे एकापाठोपाठ लागतात ते मेमरीत शेजारी-शेजारी मांडायचे, म्हणजे एका खेपेत सगळे येतात. डोळेफोड काम. अखेर चित्र दोन मिनिटांत जुळू लागलं.

रिपोर्ट मी लिहिला. 'नव्या मशीनमुळे वेग वाढला.' मशीन मी आणवलं होतं ना! निशिकांतने तो वाचला, "ठीक आहे, ताई," म्हणाला आणि कामाला लागला. मला लाज वाटली. पण आज सांगू, उद्या सांगू करत तीन वर्षं गेली. तो माझ्या टेबलाशी आला की चोराच्या मनात चांदणं. तो मात्र रजा मागायला आलेला असायचा.

तो गेल्यावर शास्त्री नगरला त्याच्या घरी भेटायला गेले. "ऑफिसात कसे होते हो ते? घरी काहीच सांगायचे नाहीत," त्याच्या बायकोने विचारलं. "चांगला होता," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

परवा आणखी वेगवान मशीन घ्यायचं ठरलं आणि त्यासाठी जुना रिपोर्ट पुन्हा लिहायची वेळ आली. या खेपेला खरं लिहिलं: वेग वाढला तो मेमरीतल्या मांडणीमुळे, आणि ती मांडणी निशिकांतची. नुकत्याच बदलून आलेल्या साहेबांचं तासाभरात उत्तर आलं.

"फार छान काम. नव्या मशीनचंही यांच्याकडेच द्या. उद्या पाठवा त्यांना माझ्याकडे."