सव्वीस सदरे, एक हात

इंदूबाई खंडारे यांच्या हातचं काज बघून अमरावतीतले भलेभले शिंपी मान डोलवत, ही गोष्ट मुलींच्या त्या शाळेत सगळ्यांना ठाऊक होती. वर्गाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की टेलरिंगच्या वर्गातल्या प्रत्येक सदऱ्याचं काज इंदूबाईंच्याच हातचं असे.

मुली काहीच करत नसत असं नाही. त्या मापं घेत, कागदावर आखत, कापड बेतत, मशीनवर झकास शिवत. पण काज म्हणजे बटणाच्या भोकाभोवती हातानं घालायचे बारीक टाके, आणि सदऱ्याची सगळी अब्रू तिथं असते. मुलींनी चिंध्यांवर केलेली काजं बघितली की बाईंना राहवत नसे. "ठेव, मी बघते," असं म्हणून त्या सदरा घरी न्यायच्या आणि रविवारी दारात बसून पाचही काजं स्वतः उरकून टाकायच्या. मुलींना काय, सुटलो बुवा एकदाचे!

याला कारण होतं. वर्ग सुरू झाला एकोणीसशे साठ साली. त्याच वर्षी शाळेच्या मंडळातले एक गृहस्थ वर्ग बघायला आले. एक वेडंवाकडं काज चिमटीत धरून ते हसले आणि म्हणाले, "जशा बाई तशा पोरी." ते कोणत्या अर्थानं म्हणाले हे इंदूबाईंना कुणाला विचारावं लागलं नाही. त्यांच्या घरानं छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, पण अशा लोकांच्या नजरेला त्याचं काय! त्या दिवसापासून एकही वाकडं काज वर्गाबाहेर पडलं नाही. याला माया म्हणा, धास्ती म्हणा. थोडा अहंकारही होताच, तो कशाला लपवायचा?

मार्च त्रेसष्टमध्ये वर्गाची तीन वर्षांची सरकारी मान्यता संपत आली. निरीक्षक येणार, मुलींचं काम तपासणार आणि वर्ग चालू ठेवायचा की नाही ते लिहिणार. ‘नाही’ असं लिहिलं तर बाराच्या बारा मशीनं दुसऱ्या शाळेत जाणार, सव्वीस मुलींचं प्रमाणपत्र बुडणार आणि इंदूबाई घरी बसणार. त्यांची नेमणूक अजून तात्पुरतीच होती.

सगळ्यांत जास्त जीव टांगणीला लागला होता तो शकुनचा. तिची आई सुंदराबाई जवळच्या भातकुली गावात राहून शेतात निंदणाला, म्हणजे तण काढायला, जायची. तिथल्या शिवण केंद्रात मदतनिसाची एक जागा शकुनसाठी जूनपर्यंत धरून ठेवली होती. प्रमाणपत्र दाखवलं की काम.

निरीक्षक आले ते किसनराव चांदेकर. हा माणूस मूळचा अकोल्याचा, जुन्या शहरातल्या शिंप्याच्या घरातला. दहाव्या वर्षी हातात सुई घेतलेला आणि पुढं एकेक परीक्षा देत या हुद्द्यावर चढलेला. मुख्याध्यापिका लीलाबाईंनी त्यांच्यासाठी चिवडा आणि चहा मांडून ठेवला होता. किसनरावांनी चहाला हात लावला नाही, रजिस्टर उघडलं नाही. ते थेट वर्गात शिरले आणि टेबलावर रचलेल्या सव्वीस सदऱ्यांपुढं उभे राहिले.

त्यांनी पहिला सदरा उलटा करून बघितला. मग दुसरा, मग तिसरा. लीलाबाई कौतुकानं बघत होत्या. इंदूबाईंना मात्र दिसत होतं, की या माणसाचा अंगठा शिवणीवरून नाही, काजावरून फिरतो आहे.

सातव्या सदऱ्यापाशी किसनरावांनी चष्मा काढला आणि उरलेल्या सगळ्या सदऱ्यांची काजं एकेक करून चाचपली.

"या वर्गात डावखुऱ्या पोरी किती हायेत?"

"आमच्या शाळेत एकही नाही," लीलाबाई मोठ्या अभिमानानं म्हणाल्या.

"मंग हे काजं कोनं केले?" किसनराव म्हणाले. "उजव्या हाताचा टाका एका अंगानं चालते, डाव्या हाताचा उलट्या अंगानं. सव्वीस सदरे, एकशे तीस काजं, अन् सगळे उलट्या अंगानं चालून राहिले. सव्वीस पोरी, अन् हात एकच!"

इंदूबाई फळ्यावर लिहायच्या उजव्या हातानं, कारण लहानपणी मास्तरांनी छड्या मारून तो हात वळवला होता. सुई मात्र डाव्या हातात राहिली होती. लीलाबाईंनी ती कधी बघितली नव्हती. मुलींनी रोज बघितली होती, आणि आता सव्वीसही मुली माना खाली घालून बसल्या होत्या. आत्ता कबूल केलं तर वर्ग गेला, आणि गप्प राहिलं तर? तरीही गेलाच.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून शकुन उभी राहिली.

"मी हाये डावखुरी."

"बरं. मंग हे बाकीच्या पोरीइचे काजं?"

"ते बी म्याच केले. पोरीइले जमत नव्हतं, म्हनून मी करून देत होतो. बाईले नाही मालूम."

लीलाबाईंनी कपाळाला हात लावला. किसनरावांनी खिशातून कापडाचा तुकडा काढला, त्याला कात्रीनं चीर दिली आणि सुई-दोऱ्यासकट तिच्यापुढं ठेवला. "कर."

शकुननं सुई डाव्या हातात घेतली. पहिला टाका कसाबसा पडला. दुसऱ्याला सुई घसरली आणि उजव्या हाताच्या बोटात रुतली. तिनं बोट तोंडात घातलं, पुन्हा सुई धरली, पुन्हा टोचून घेतलं. पांढऱ्या कापडावर लाल डाग पसरला. पोरगी डोळ्यांत पाणी येऊ देत नव्हती आणि सुई सोडतही नव्हती.

आपल्या पदरचं पाप ही पोर स्वतःच्या डोक्यावर घेते आहे, आणि आपण मोठ्या बाई म्हणून उभ्या आहोत!

"ठेव ते, शकुन," त्या म्हणाल्या. "साहेब, काजं मी केली. तीन वर्षांतली सगळी. पोरींचा काही दोष नाही."

"इंदूबाई, काय बोलताय तुम्ही!" लीलाबाई ओरडल्या.

"खरं तेच बोलून राहिली मी," इंदूबाई म्हणाल्या. शाळेत त्या कधी अशा घरच्या बोलीत बोलत नसत.

किसनराव खुर्चीवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे बोलले, आणि ते जास्त लागलं.

"बाई, पोराचं वाकडं काम पाहून हात शिवशिवते, हे मले समजते. पन तीन वर्षं तुमी या पोरीइच्या चुका चोरून नेल्या. चूकच हातात राहिली नाही, तर पोरीनं शिकावं कशावरून?"

मग त्यांनी हुकूम सोडला. प्रत्येक मुलीनं इथंच, आत्ताच, आपल्या हातानं एक काज करायचं आणि बाईंनी जवळ जायचं नाही. नंतर बाईंनी एका कागदावर मार्क द्यायचे, त्यांनी दुसऱ्या कागदावर. वीसपैकी सात मिळाले तर पास, नाहीतर प्रमाणपत्र नाही.

"मले एवढंच पाहाचं हाये, का तुमाले आपल्या पोरीइचं काम खरं जोखता येते का नाही. येत असन तर हा वर्ग सुधरन. येत नसन, तर बंद झालेला बरा."

तो अर्धा तास इंदूबाईंनी खिडकीपाशी उभं राहून काढला, दोन्ही हात पदरात गुंडाळून. कुणाचा दोरा गुंतत होता, कुणी चीर नको तितकी मोठी कापली होती, कुणाचे टाके अनोळखी माणसांसारखे एकमेकांपासून अंतर ठेवून बसले होते. प्रत्येक चूक त्यांना इथून दिसत होती आणि हात हलवता येत नव्हता.

सव्वीस तुकडे टेबलावर आले. इंदूबाई मार्क लिहू लागल्या. बारा, नऊ, चौदा. एका पोरीला चार, दुसरीला सहा. नापास लिहिताना पेन्सिल जड होत होती, तरी त्यांनी लिहिलं. मग शकुनचा तुकडा आला. टोचलेल्या बोटानं केलेलं काज होतं ते. पण लबाडी कुणाशी करायची? टाके सैल होते, एक कड तर धरलीच गेली नव्हती. बोट चांगलं असतं तरी हे असंच झालं असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यांना भातकुलीची जागा आठवली. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि लिहिलं, पाच.

किसनरावांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. पंचवीस मुलींचे मार्क एकदोनच्या फरकानं जुळले होते. पास-नापासात कुठं फरक नव्हता. शकुनपुढं मात्र त्यांनी सात लिहिले होते.

"पोरीनं तुमच्यासाठी हात टोचून घेतला, म्हनून माह्याकडून दोन जास्त पडले," ते म्हणाले. "तुमी म्हनसान तर सातच ठेवू. वर्ग तर तुमचा राहिला, एका पोरीनं काय फरक पडते?"

इंदूबाईंना ते दोन मार्क हवे होते. इतके हवे होते, की त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"तिथं ती लोकाइचे कपडे शिवन, साहेब," त्या म्हणाल्या. "पहिल्या धुण्यात काज उसवलं, तर लोकं सदरा तिच्या तोंडावर फेकतीन. मंग तिले कोनी सुईले हात लावू देनार नाही. पाचच राहू द्या."

किसनरावांनी सातावर काट मारली. अहवालात त्यांनी लिहिलं, की वर्गास पुढील तीन वर्षं मान्यता द्यावी, आणि काज मुलींकडूनच करून घ्यावे. उठता उठता त्यांनी विचारलं, "तुमी काज दाखोता तव्हा पोरी कुठं उभ्या राह्यते?"

"माझ्या मागं. खांद्यावरून बघतात."

"म्हनून त्यायले उलटं समजते. समोर बसवा. समोरून तुमचा डावा हात त्यायच्या उजव्या हातावानी दिसन."

इतकी साधी गोष्ट तीन वर्षांत सुचली नव्हती. इंदूबाई त्यांना फाटकापर्यंत पोचवून परतल्या. लीलाबाईंनी आनंदानं त्यांचा हात हातात घेतला, पण इंदूबाईंचं लक्ष वर्गाच्या दाराकडं होतं. शकुन तिथं उभी होती. बोटाला चिंधी बांधलेली, दप्तर खांद्याला. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मले काज येत नाही, हे तुमाले माहीत होतं, बाई?"

"हो."

"कव्हापासून?"

"पहिल्या वर्षापासून."

शकुन रडली नाही. तिचा आवाजही चढला नाही.

"मंग तव्हाच कावून नाही सांगतलं?"

इंदूबाईंना जे सांगता आलं असतं, ते सगळं त्यांच्या स्वतःच्या अब्रूचं होतं. या पोरीच्या कामाचं त्यात काही नव्हतं.

"चुकलं माह्यं," त्या म्हणाल्या.

शकुननं दप्तर खांद्यावर सारखं केलं. मग ती पायऱ्या उतरली आणि भातकुलीची मोटार पकडायला निघून गेली. जूनची जागा गेली, हे आईला सांगायचं होतं.