चहा-बिस्किटं पार्किंगमध्ये

“रक्त देऊन झालं की त्यांना खाली पार्किंगमध्ये पाठवा, मॅडम. चहा-बिस्किटांचं टेबल तिथेच लावतो,” सोसायटीचे सेक्रेटरी साने म्हणाले. तेही हळू आवाजात नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

‘त्यांना’ म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून आलेल्या माणसांना. ती रांगेत समोरच उभी होती.

मी रक्तपेढीत कॅम्प ऑर्गनायझर आहे. हॉल ठरवायचा, खाटा लावायच्या, डॉक्टर न्यायचे आणि मुख्य म्हणजे रक्त देणारी माणसं आणायची. मे-जूनमध्ये कॉलेजं बंद, लोक गावाला. पेढीचे फ्रिज रिकामे होतात. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र सुट्टी नसते. त्यांच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही, ते ठरावीक दिवसांनी बाहेरून चढवावं लागतं. या कॅम्पनंतरच्या सोमवारी अशाच एका मुलीचा नंबर होता.

जूनमध्ये मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. एरवी कोळीवाड्यात कोणी रक्त द्यायला तयार नसे. जाळं ओढायला ताकद उरणार नाही, ही भीती. जाळी दुरुस्त करणाऱ्यांच्या शेजारी बसून बसून मी ती घालवली. शेवटी जयामावशी तयार झाली. ती मासळी बाजारातली जुनी विक्रेती, वाड्यात तिचा शब्द चालतो.

“तू सांगतेस म्हणून आणते माणसं. पण त्यांचा मान राखशील ना गो?” तिने विचारलं होतं.

मी हो म्हटलं होतं. त्यांच्या समाजाच्या हॉलचं रंगकाम चालू होतं, म्हणून या टॉवरचं क्लबहाउस घेतलं.

“रक्त दिल्यावर चक्कर येऊ शकते,” मी सान्यांना सांगितलं. “डॉक्टरांच्या नजरेसमोरच बसवावं लागतं. सगळ्यांना.”

“मग एक डॉक्टर खाली पाठवा. मेंबर्सच्या तक्रारी येतात हो. वास येतो, सोफे खराब होतात.”

“मेंबर्सच्या फ्रिजमध्ये यांचंच पापलेट असतं ना?”

“तो विषय वेगळा.”

“सगळे इथेच बसतील, नाहीतर मी खाटा आवरते.”

तेवढ्यात पेढीतल्या आमच्या साहेबांचा फोन. सान्यांनी आधीच तक्रार केली होती.

“अगं, स्टॉक बघ जरा. पार्किंग तर पार्किंग. आधी बॅगा भरून आण, भांडण नंतर कर.”

“सर, त्यांना शब्द दिलाय मी.”

“शब्द पेशंटला चढवता येतो का?”

मी फोन ठेवला आणि टेक्निशियनला पहिली खाट घडी करायला सांगितलं. साने गडबडले. दुपारी नगरसेवक फोटोसाठी येणार होते.

“बरं, बरं. आजच्या दिवस बसू द्या.”

जयामावशी पुढे आली. “आजच्या दिवस? आमचं रगत तुमच्या कुणाच्या पोराच्या अंगात गेलं, तर त्या पोराला पण पार्किंगमध्ये बसवाल काय?”

सान्यांनी मोबाइलमध्ये तोंड घातलं.

“चला रे,” ती माणसांना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “तुझ्यावर राग नाय गो बाय. पण इथं नाय.”

लिफ्टकडे न बघता सगळे जिन्याने उतरले. मोजक्या मेंबर्सनी रक्त दिलं. फोटो झकास आला.

सोमवारी त्या मुलीच्या गटाचं रक्त आमच्याकडे नव्हतं. इतर पेढ्यांतही मिळालं नाही.

“दोन पायऱ्या चढली तरी धाप लागते हो हिला,” तिची आई म्हणाली. “पुन्हा कधी येऊ?”

सान्यांचा नंबर तिच्या हातात द्यावा असं फार वाटलं. दिला नाही. संध्याकाळी कोळीवाड्यात गेले.

जयामावशीने ऐकून घेतलं. “पोरीची काय चूक? रविवारी आण तुझ्या खाटा. आमचा हॉल तयार झालाय. आणि टॉवरवाल्यांना पण सांग. खुर्च्या सगळ्यांना सारख्याच मिळतील.”

रविवारी रांग हॉलच्या दाराबाहेर गेली होती. टॉवरमधलं एक जोडपं आलं, रक्त देऊन सगळ्यांबरोबर चहा पीत बसलं. साने आले नाहीत. मुलीला रक्त मिळालं, पण आठवडाभर उशिरा. साहेब मला म्हणाले, “बघ, झालं ना शेवटी सगळं नीट?” तो आठवडा धापा टाकत त्या मुलीने काढला होता, त्यांनी नाही.

आता कॅम्पसाठी हॉल बघताना मी पंखे, प्लगपॉइंट, दरवाजाची रुंदी तपासते. मग कमिटीला विचारते, बाहेरून येणारा माणूस कुठल्या लिफ्टने येणार आणि रक्त देऊन कुठे बसणार? ‘ते बघू नंतर’ असं उत्तर आलं, की मी दुसरा हॉल बघते.